लाभाची पाटी

कोलशेतच्या मिठागरावरून दौलत भोईर दुपारी चारला निघायचा, तो साडेपाचच्या सुमाराला ठाण्यात मासुंदा तळ्याच्या पायरीवर येऊन बसायचा. येताना अनवाणी. बूट पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कॅनव्हासचे पांढरे बूट, बाजारातून जुनेच घेतलेले. पायरीवर बसून तो आधी पाय धुई. सारा दिवस खाऱ्या पाण्यात भिजून टाचांना उभ्या भेगा पडलेल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक झालेल्या. खाऱ्या पाण्याची सवय झालेली असे. तळ्याचं गोडं पाणी लागलं की मात्र झोंबायचं. तो दात आवळून पाय पुसायचा, बूट चढवायचा आणि मग कॉलेजचा जिना चढायचा.

बुककीपिंगच्या सर्टिफिकेटचा वर्ग सहा ते आठ भरे. वर्गात तिशी ओलांडलेला तो एकटा. बाकी नौपाड्याची, चरईची, नुकती मॅट्रिक झालेली पोरं, पुढच्या बाकावर दोन मुली. पहिल्या आठवड्यात शेजारच्या पोरानं नाक उडवून मित्राला म्हटलं होतं, "आज खाडीचं वारं आत आलंय काय रे?" तेव्हापासून दौलत आपणहून शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसू लागला. वारं बाहेर जावं म्हणून.

शिकवायला कर्णिकसर होते. काळा कोट, बोटांना कायम खडू. शब्द मोजून बोलणारा माणूस, पण जमाखर्चाचा नियम सांगायला लागला की बुवांनी अभंगाला हात घालावा तसा रंगून जाई. एका हातानं दिलं की दुसऱ्या हाती पोचलंच पाहिजे, मध्ये काही नाहीसं होत नाही, हे सर सांगायचे तेव्हा दौलतला फार बरं वाटे. लहानपणापासून मारुतीच्या देवळात हेच ऐकत आलो, असं त्याला वाटायचं.

तो शिकायला आला तेही मिठागराच्या पायीच. आगर गेल्या पावसाळ्यात नव्या शेठनं घेतलं आणि कारभाराला विश्रामभाऊ आले. त्यांनी पहिल्याच हंगामात तोंडी मोजणी बंद केली. मोजायचं ते कागदावर. ओरडून मोजलं की भांडणं होतात, म्हणाले.

त्याआधी बावीस वर्षं मोजणी दौलतचा बाप करत होता. धोंडीबा भोईर. कुप्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, मीठ पाट्या भरभरून माणसं बांधावर आणून ओतत, रास वाढत जाई आणि धोंडीबा राशीशी उभा राही. पहिली पाटी पडली की दोन्ही हात जोडून म्हणे, "लाभ." मग दोन, तीन, चार, असं वीसपर्यंत, गळ्यावर. वीस झाल्या की एक कोडी, एक खडा बाजूला; माणसांची मजुरी त्या कोड्यांवर. पुढच्या कोडीची पहिली पाटी पुन्हा लाभाची, पुन्हा हात जोडून. देवाचं नाव घेतल्याशिवाय मोजणीला तोंड फुटत नसे. बावीस वर्षांत त्याची एक पाटी चुकल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या धोंडीबाला लिहिता येत नव्हतं. दौलत मराठी सातवी झालेला. विश्रामभाऊंनी वही-पेन्सिल त्याच्या हाती दिली. म्हणाले, सर्टिफिकेट काढ, कचेरीत महिन्याच्या पगारावर घेतो. आणि साठीला टेकलेला धोंडीबा पाटी डोक्यावर घेऊन तेरा माणसांच्या रांगेत चालू लागला. पोराच्या पेन्सिलीसमोरून.

दौलतनं मोजणीचं तोंड बंद केलं, बाकी सगळं बापाचंच उचललं. तसंच उभं राहणं, तसंच डोळे बारीक करून राशीकडे बघणं, लाभाला हात जोडणं. पाटी पडली की वहीत एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. वीस रेघा झाल्या की तो म्हणे, "भरली." रांगेतला पुढचा माणूस पाटी ओतताना म्हणे, "लाभ." तेवढाच एक शब्द आता राशीवर उरला होता.

माघ सरताना पगाराच्या दिवशी तानाजी बोलला. तानाजी दौलतहून सात-आठ वर्षांनी मोठा, उंच, सावकाश बोलणारा. तो आणि त्याची बायको रखमाबाई, दोघंही रांगेत होती. कचेरीच्या ओट्यावर सगळे बसलेले. तानाजीनं चुना मळता मळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "दौलत, कोडी एकवीसची कवापासून जाली रं?"

सगळ्यांच्या माना दौलतकडे वळल्या. तानाजी म्हणाला, काल मी मनात मोजली. दोन वेळा मोजली.

दौलतनं वही उघडून दाखवली. रेघा वीसच्या वीस होत्या. त्याला काही बोलावं लागलंच नाही, धोंडीबाच उठला. गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरून म्हणाला, "माजे पोऱ्यानं येक पाटी जरी खाल्ली आसंल ना, तर ही माळ मी खाडीन टाकीन. कागुद खोटा बोलत नाय, तानाजी. तू खोटा बोलतंस."

मग त्यानं जे करायला लावलं ते दौलत विसरायचं म्हटलं तरी विसरू शकला नाही. धोंडीबा म्हणाला, पाया पड त्याच्या, नायतर रांगेन येऊ नको. रखमाबाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. तानाजी खूप वेळ उभा राहिला. मग वाकला. दौलतला त्या दिवशी वर्गाची घाई होती म्हणून बूट आधीच पायात होते. तानाजीची मिठाच्या चिखलानं भरलेली चार बोटं उजव्या बुटावर टेकली, उठली. दौलत 'राहू दे दादा' म्हणाला नाही.  आणि खरं सांगायचं तर, आत कुठंतरी बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तानाजी आणि रखमाबाई डोंगराकडच्या दगडाच्या खाणीवर गेली. रांगेत दोन नवी माणसं आली. बुटावरचे चार डाग दौलतनं साबणानं घासले, खडूनं पांढरे केले. वाळल्यावर ते पुन्हा दिसायला लागले.

फाल्गुनात कर्णिकसरांनी काम दिलं. पुस्तकातलं नको, प्रत्येकानं आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या धंद्याचं मालाचं खातं मांडून आणायचं; आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. खाली धंद्याच्या कारभाऱ्याची सही हवी. पंचवीस गुण त्याला. त्यावाचून पास होणं कठीण.

दौलतकडे आलेल्या मालाची वही होतीच. गेलेल्या मालाची विश्रामभाऊ स्वतः लिहीत. ट्रकवर चढणाऱ्या प्रत्येक पाटीला ते पितळेचा एक बिल्ला डब्यात टाकत. पाटी तीच, माप तेच. दौलतनं आठ दिवस बसून खातं मांडलं. आले, सात हजार दोनशे. गेले, सात हजार पाचशे एक्कावन्न. आणि बांध झाडून रिकामा.

सरांनी वही बघितली, चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "भोईर, मीठ हवेनं कमी होतं, पाण्यानं कमी होतं, एवढं मला ठाऊक होतं. तुमच्याकडे ते वाढतं का?"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरची सरोज नावाची मुलगी तेवढी हसली नाही. तिनं मागं वळून पाहिलं, आणि ते हसण्याहून वाईट वाटलं. सर मात्र चिडले नव्हते. तीनशे एक्कावन्न, म्हणाले, याला नवानं भाग जातो. फरकाला नवानं भाग गेला की कुठंतरी आकडे उलटे पडलेले असतात, सदतीसचे त्र्याहत्तर होतात. शोधा.

दौलत तीन दिवस उलटा आकडा शोधत होता. घरी मालन, त्याची बायको, भाकरी थापता थापता बघायची. धोंडीबा ओसरीवर बसून पायाच्या भेगांना मेण लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचा की पोऱ्याचा अभ्यास चाललाय, हळू बोला.

उलटा आकडा नव्हताच. चौथ्या दिवशी सकाळी तो राशीशी उभा होता. वारं पडलेलं, कुप्यांचं पाणी डोळ्यांत चमकत होतं. "भरली," तो म्हणाला. रांगेतून धोंडीबाच पुढं आला. पाटी ओतली. "लाभ."

दौलतनं पेन्सिल कानावर ठेवली. दोन्ही हात जोडले. हात सोडले, कानावरची पेन्सिल काढली. तोवर दुसरी पाटी पडली. त्यानं रेघ ओढली. एक.

पेन्सिल त्याच्या हातात तशीच राहिली.

मागचा माणूस पाटी ओतून गेला, त्याच्या मागचाही. दौलतनं त्या दोन रेघा कशाबशा ओढल्या. कोड्या तीनशे साठ. प्रत्येक कोडीत देवाची एक पाटी, हात जोडलेले असताना पडलेली, कधीच न लिहिलेली. नऊ वाऱ्यावर आणि ट्रकच्या वाटेवर सांडल्या धरल्या तर उरल्या तीनशे एक्कावन्न. बापाचे हात लाभाला मोकळे होते, कारण तो तोंडानं मोजत होता. त्यानं बापाचे हात घेतले आणि तोंड टाकलं. तेरा माणसांच्या डोक्यावरून गेलेलं सव्वातीन महिन्यांचं ओझं त्यानं नमस्कार करता करता पुसून टाकलं होतं.

दुपारी तो विश्रामभाऊंकडे गेला. सगळं एका दमात सांगितलं. विश्रामभाऊ वाईट माणूस नव्हते; त्यांना फक्त कटकट नको होती. त्यांनी आधी दार लोटलं.

"हे अजून कोणाला बोललास?"

"नाय."

"मग बोलू नकोस. पगार वाटून झालेत. शेठना आता काय सांगू, आमच्या मोजणाऱ्यानं देवाला हात जोडले म्हणून पैसे द्या? तुला सही हवी आहे ना? 'वाढ-घट' म्हणून एक ओळ टाक. तीनशे एक्कावन्न, वाढ. सगळ्या वह्यांत असते."

दौलतनं ओळ टाकली. अक्षर वळणदार आलं. विश्रामभाऊंनी खाली सही केली. दोन्ही बाजू जुळल्या. एवढी सुबक जुळलेली वही त्यानं आयुष्यात मांडली नव्हती, आणि ती पिशवीत घालताना त्याला बुटांच्या शेजारी ठेववेना.

घरी मालननं विचारलं, सापडली का चूक? तो म्हणाला, सापडली. कोनाची व्हती? तो जेवत राहिला. मालन भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात टाकत एवढंच बोलली, "आजपासून तुमी खाली बघून जेवता."

हनुमानजयंतीचं कीर्तन गावात पहाटे उभं राहतं आणि सूर्य वर येताना जन्म होतो. कल्याणचे बुवा आले होते. मारुतीसमोर समया, टाळकरी दोन्ही अंगांना, आगरातली, खाडीवरची, खाणीवरची सगळी माणसं दाटीनं बसलेली. तानाजी खांबाशी होता. त्याच्या केसांत दगडाची पांढरी भुकटी होती. मिठाची नाही, एवढाच फरक.

बुवांचा गळा बसका होता, पण भाव असा की ऐकणाऱ्याचं काळीज आपोआप मऊ व्हावं. द्रोणागिरीची कथा लावली होती. लक्ष्मण उठून बसला, वानरसेनेनं जयजयकार केला, टाळ थांबले. मग बुवा हळूच म्हणाले, "मारुतीरायानं डोंगर आणला तो सगळ्यांनी पाहिला. पण काम झाल्यावर त्यानं तो परत नेऊन जागेवर ठेवला. त्या वेळी टाळ वाजवायला कोणी नव्हतं. एकटाच होता. बाप हो, आणलेलं दिसतं. परत ठेवलेलं रामाला दिसतं." आणि चिपळ्या पुन्हा वाजू लागल्या.

धोंडीबा डोळे पुसत होता. दौलतला रडूही येईना.

सूर्य आला, गुलाल उधळला, आणि मग रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. लहानमोठा बघायचा नाही. समोर येईल त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, त्यानं आपल्या. दौलत वाट काढत खांबाशी गेला. तानाजीच्या पायावर त्यानं कपाळ टेकलं, जरा जास्तच वेळ. उठला तर तानाजी वाकला आणि त्यानंही दौलतच्या पायाला हात लावला, जसा तो सगळ्यांच्या लावत होता. कपाळाला बुक्का लावला. पुढच्या माणसाकडे वळला.

दौलत तिथंच उभा राहिला. आपण चोरून क्षमा मागितली, हे त्याला कळलं. सगळेच वाकलेले असताना वाकलो. कुणाला काही दिसलं नाही, आणि त्या माणसाला पुन्हा एकदा आपल्या पायाशी वाकायला लावलं.

त्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्या उचलायच्या आधी त्यानं सगळ्यांना ओट्याशी थांबवलं. विश्रामभाऊ कचेरीच्या दारात होते. दौलतनं पिशवीतून वही काढली आणि काय झालं ते सांगितलं. हात जोडून दाखवले, कानावर पेन्सिल ठेवून दाखवली. एक-दोघं सुरुवातीला हसले, पेन्सिलीच्या त्या नकलेला. मग हसायचे थांबले. त्यानं 'वाढ-घट' ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, मोजणीत चूक, तीनशे एक्कावन्न पाट्या, मोजणार दौलत धोंडीबा भोईर. वही विश्रामभाऊंच्या हातात दिली.

विश्रामभाऊ एवढंच म्हणाले, "सहीचा कागद खराब केलास." पण गेलेल्या मालाची वही त्यांच्याच अक्षरातली होती, ती त्यांना खोडता येण्यासारखी नव्हती.

 धोंडीबानं डोक्यावरची चुंबळ काढून पाटीत ठेवली, पाटी उपडी केली आणि डोंगराच्या वाटेला लागला. दौलत मागून निघाला. तासभर बाप-लेक चालले. चैत्राचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा. धोंडीबानं एकदाही मागं पाहिलं नाही. माळेवर मात्र त्याचा हात सारखा जात होता. तुटली तर नाही, हे बघितल्यासारखा.

खाणीत तानाजी घण घेऊन उभा होता. रखमाबाई खडी पाटीत भरत होती. म्हातारा सरळ जाऊन वाकला. तानाजी घण टाकून मागं सरला. "काका, तुमी नको." त्यानं म्हाताऱ्याला खांद्याला धरून उठवलं.  "मी खोटा बोललू," धोंडीबा म्हणाला. "मी कागदाची शपत घेतली. तुजी घ्यायला पायजे व्हती."

मग दौलत वाकला. सगळी खाण बघत होती, कीर्तन नव्हतं, गुलाल नव्हता, दुसरं कोणी वाकलेलं नव्हतं. तानाजीनं त्याला उठवलं नाही. वरून त्याचा सावकाश आवाज आला.

"बूट कुटं हाईत तुजे?"

"नाय आणले."

"मी पाया पडलू तवा व्हते."

दौलत खालीच राहिला. दगडाची कच कपाळाला टोचत होती. बऱ्याच वेळानं रखमाबाई म्हणाली, "उठा भावजी, ऊन लागंल." तानाजी घण उचलून पुन्हा दगडाकडे वळला होता.

कर्णिकसरांनी वही दोनदा वाचली. खोडलेल्या ओळीवरची सही चालत नाही, म्हणाले. पंचवीस गुण गेले. बाकीचे पेपर लिहा, पण यंदा होणं अवघड आहे. दौलतनं मान डोलावली. तो वळला तेव्हा सर कोटाच्या बाहीनं फळा पुसत म्हणाले, "भोईर, ती वही मला द्या. पुढच्या वर्गाला दाखवीन. नाव सांगणार नाही." दौलत म्हणाला, सांगा सर, नाव सांगा. आणि जिना उतरला.

शेठकडून निरोप यायला तीन आठवडे लागले. तीनशे एक्कावन्न पाट्यांची मजुरी मिळाली, तानाजी-रखमाबाईच्या वाट्यासकट. नऊ पाट्या वाऱ्याच्या धरल्या. दौलतचा मोजणीचा पगार त्या महिन्यापासून बंद झाला. पुढच्या हंगामाला दुसरा माणूस येणार होता. शेवटची रास तेवढी उरकून दे, असं विश्रामभाऊंनी निरोपानं सांगितलं. समोर येऊन सांगितलं नाही.

शेवटच्या राशीच्या दिवशी सकाळी माणसं रांगेत उभी राहिली तेव्हा तानाजी येऊन उभा राहिला.  रखमाबाई त्याच्या मागं. नव्या माणसांनी सरून जागा केली. दौलत अनवाणी, वही उघडी धरून राशीच्या जागेशी उभा होता. बूट त्यानं गेल्या आठवड्यापासून घरीच ठेवले होते. तानाजीनं पुढं बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आज देवाला म्हणावं जरा दम धर. आधी रेघ." रांग हसली. दौलतचे कान तापले, पण त्यालाही ओठ आवरता आले नाहीत.

पहिला धोंडीबा होता. वाकलेल्या पाठीनं आला, पाटी ओतली. पांढरं मीठ सळसळत बांधावर पसरलं. "लाभ," तो म्हणाला, आणि पुढं गेलाच नाही. रिकामी पाटी काखेत घेऊन तिथंच उभा राहिला. मागची रांग थांबली.

"वढलीस?"

दौलतच्या डाव्या हाताला उजव्याकडे जायची ओढ झाली. त्यानं वही घट्ट धरली. पेन्सिल कागदावर टेकवली आणि रेघ ओढली.

"वढली, बा."

म्हाताऱ्यानं मान वाकडी करून वहीत पाहिलं. लिहिता येत नव्हतं, पण एक रेघ त्याला ओळखू येत होती. मग त्यानं काखेतली पाटी खाली ठेवली, आणि पोराच्या वाटचे म्हणून दोन्ही हात जोडले.